घंटेवरची परकी अक्षरे
(नभोवाणीवरील भाषण)



नाशिकास गोदावरीच्या काठी रामेश्वराचे एक देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते 1747 साली बांधविले, म्हणून लोक त्यास नारोशंकराचे देऊळ असेच म्हणतात. या देवळाच्या तटावर नदीकडे तोंड करून एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर जो सनाचा आकडा आहे तो शकाचा नसून इसवी सनाचा आहे, आणि तो 1721 असा आहे. म्हणजे देवळाच्या आधी सव्वीस वर्षे घंटा तयार झालेली होती. तिकडे वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली गावी नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या घाटावरील मेणवलेश्वराच्या देवळापुढे अशीच एक घंटा आहे. तिच्यावर 1707 हा आकडा असून बाळ येशूस कडेवर घेतलेल्या मेरीची आकृती आहे. भीमाशंकरास आणि अष्टविनायकांपैकी पालीच्या बल्लाळेश्वरासही याच जातीच्या घंटा आहेत. दर्शनास येणारा भाविक हात उंच करून घंटा वाजवितो, नमस्कार करितो आणि आत जातो. आपण जी वाजविली ती कोणत्या भट्टीत ओतली गेली, तिच्यावरील अक्षरे कोणत्या भाषेची, याचा विचार बहुधा कोणाच्या मनात येत नाही.

आजच्या भाषणाचा विषय याच घंटेपासून निघतो. सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगाल आणि स्पेन या दोन राज्यांनी जगाच्या चारी खंडांत आपली सत्ता पसरविली. त्या सत्तेच्या छायेत कारागिरी, चित्रे, मूर्ती, ग्रंथ आणि शब्द हे एका देशातून दुसऱ्या देशात कसे गेले, आणि त्या जाण्यायेण्यात आपल्या मराठी मुलखाचा वाटा कोणता, हे आज पाहावयाचे आहे. हल्ली या प्रकारास ‘कलांची देवाणघेवाण’ असे गोड नाव देण्याची चाल आहे. देवाणघेवाण म्हटले की देणारा राजीखुशीने देतो व घेणारा राजीखुशीने घेतो, असा अर्थ मनात उभा राहतो. तो अर्थ येथे कितपत लागू पडतो, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

प्रथम घंटांची हकीकत पुरी करू. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 साली वसई पोर्तुगिजांस दिली. पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी होती. तटाच्या आत त्यांनी मठ, वाडे आणि मोठमोठी देवळे, म्हणजे इगर्जी, उभारल्या. त्यांचे भग्नावशेष आजही उभे आहेत. 1739 च्या आरंभी चिमाजीआप्पांनी वसईस वेढा घातला. सुरुंग, तोफा आणि मनुष्यहानी यांचा विचार करिता हा मराठ्यांच्या सर्वांत बिकट वेढ्यांपैकी एक होय. किल्ल्याचा सेनापती मारला गेला, तटास खिंडारे पडली आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. तहाच्या अटी उदार होत्या. फौजेस आपल्या हत्यारांनिशी व कुटुंबांनिशी निघून जाण्यास वाट मिळाली. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक मिळाली. इगर्जींतील घंटा मात्र मराठ्यांच्या हाती आल्या. विजयाची खूण म्हणून त्या सह्याद्री चढून देशावर आल्या व देवळोदेवळी टांगल्या गेल्या. या परंपरेस घंटांवरील सनांचा आधार आहे.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की घंटांवरील क्रूस, अक्षरे व आकृती कोणी छिनीने पुसून काढल्या नाहीत. घंटा वितळवून तिची भांडी करणे सोपे होते, आणि तोफेसाठी धातूचा तुटवडा तर त्या काळी सदाच असे. तरीही घंटा घंटाच राहिली. तिचे काम मात्र पालटले. इगर्जीची घंटा मनुष्यांस देवाकडे बोलावते. ती उंच मनोऱ्यात असते, तिच्या नादावर गावाची सकाळ, दुपार व संध्याकाळ ठरते. देवळातील घंटा भाविकाच्या हाताशी असते, आणि आपण आलो आहोत ही वर्दी तो तिच्या द्वारे देवास देतो. पूर्वी जी घंटा माणसांस हाक मारीत होती, ती आता देवास हाक मारू लागली. धातू तोच, नाद तोच, अर्थ निराळा.

त्या धातूविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. लोक या घंटांस पंचधातूच्या म्हणतात. युरोपातील ओतारी घंटेसाठी शंभर भागांत सुमारे 78 भाग तांबे व 22 भाग कथील घेत. आपल्याकडील उत्तम कांसे हेही जवळजवळ याच प्रमाणाचे असते. म्हणजे ज्या धातूची वाटी आपल्या आजीने तळपायास तूप चोळण्यासाठी वापरली, त्याच धातूची ती घंटा. घंटेवरील अक्षरे उठविण्याची युरोपीय रीतही आपणांस परकी वाटू नये. आधी मातीची खोटी घंटा करीत, तिच्यावर मेणाची अक्षरे व नक्षी चिकटवीत, त्यावर मातीचे जाड कवच चढवीत. कवच तापविले म्हणजे मेण वितळून जाई व अक्षरांच्या जागा पोकळ राहत. मेण घालवून त्याच्या जागी धातू आणणे ही युक्ती आमच्या चांदा-गडचिरोलीच्या पूर्वेस, बस्तरच्या सीमेलगत, ढोकरा काम करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. लिस्बनचा ओतारी व इंद्रावतीकाठचा घडवा हे एकमेकांस कधी भेटले नाहीत. पण एकाच्या भट्टीपुढे दुसऱ्यास उभे केले असते तर काय चालले आहे हे त्यास कोणी समजावून सांगावे लागले नसते.

आता घंटा सोडून गोव्याकडे वळू. आल्बुकेर्कने 1510 साली गोवे घेतले. आरंभीच्या काळातच रावळू नावाच्या गोमंतकीय सोनाराची करामत पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या नजरेस आली व त्यास लिस्बनला राजाकडे काम करण्यासाठी पाठविण्यात आले. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव ‘राउलू शातिं’ असे येते. शेट या शब्दाचे हे पोर्तुगीज तोंडातले रूप होय. पोर्तुगीज कागदांत ज्यांची नावे राहिली अशा आपल्याकडील कारागिरांत तो एक आहे. त्याच्यामागून आलेल्या शेकडो जणांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांची कामे मात्र राहिली.

ही कामे कोणती ? पहिले काम हस्तिदंताचे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिककडून दात येई, गोव्यात तो कोरला जाई, आणि तयार मूर्ती लिस्बनकडे जात. यांतली ‘भला मेंढपाळ’ नावाची मूर्ती फार प्रसिद्ध आहे. डोंगराच्या शिखरावर बाल येशू मेंढपाळाच्या वेषात बसला आहे. डोळे मिटलेले, गाल तळहातावर टेकलेला, पाय एकावर एक ठेवलेले. खाली पायऱ्यापायऱ्यांनी झरा, पक्षी, मेंढरे, गुहा आणि गुहेत एखादा संत. विषय बायबलातला आहे, परंतु त्या मिटलेल्या डोळ्यांतील शांती पाहून पुष्कळ जाणत्यांस बुद्धाच्या ध्यानस्थ मूर्तीची आठवण झाली आहे. अशा मूर्ती आज युरोपातील अनेक संग्रहालयांत आहेत. कोरणाऱ्याने ग्राहकाची मागणी पुरी केली, पण समाधी म्हणजे काय हे तो आपल्या घरातून शिकून आला होता.

दुसरे काम चांदीचे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू इगर्जीत फ्रान्सिस झेवियर यांचा देह ज्या रुप्याच्या पेटीत आहे, ती पेटी 1636 व 1637 या सालांत गोव्याच्या रुपेकाम करणाऱ्यांनी घडविली. तिच्यावर झेवियरच्या चरित्रातील 32 प्रसंग पत्र्यावर उठविलेले आहेत. ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ती विराजमान आहे तो इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तयार झाला व 1698 मध्ये येथे उभारला गेला. खाली टस्कनीचा दगड, वर गोमंतकाचे रुपे, असा तो संगम आहे.

तिसरे काम लाकडाचे. सागाच्या व शिसवीच्या पेट्या, त्यांवर हस्तिदंताची जडणी, अनेक खण, आणि पायांच्या जागी नागीण किंवा अर्धी स्त्री व अर्धी मासोळी अशा आकृती. पेटीचा घाट युरोपचा, तोलून धरणारी नागीण आपली.

येथे एक विलक्षण गोष्ट सांगितली पाहिजे. 1567 साली गोव्यात ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांची परिषद भरली. हिंदू चिताऱ्यांकडून पवित्र चित्रे काढवू नयेत आणि हिंदू सोनारांकडून पूजेची पात्रे, क्रूस वगैरे घडवू नयेत, असा निर्बंध तिने घातला. पण निर्बंध एक आणि व्यवहार दुसरा. कुशल हात ज्यांच्यापाशी होते त्यांच्यावाचून इगर्जी सजणार कशा ? त्यामुळे बंदी कागदावर राहिली व ऐरण वाजत राहिली.

या एका सालाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगणे इतिहासाच्या सत्यास धरून होईल. त्याच 1567 साली गोव्याच्या साष्टी प्रांतातील देवळे पाडण्यात आली. 1560 मध्ये धर्मन्यायासन, ज्यास इन्क्विझिशन म्हणतात, गोव्यात स्थापन झाले होते, आणि मधली थोडी वर्षे वगळता ते 1812 पर्यंत चालले. हजारो कुटुंबे आपले देव घेऊन नदीपार पळाली. कुशस्थळीचा मंगेश, केळोशीची शांतादुर्गा ही दैवते फोंडा महालात गेली, कारण तो मुलूख तेव्हा पोर्तुगिजांच्या सत्तेबाहेर होता. कवळ्यास शांतादुर्गेचे सध्याचे देऊळ 1738 च्या सुमारास, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या साह्याने उभे राहिले.

आणि आता श्रोत्यांनी ते देऊळ डोळ्यांपुढे आणावे. शिखराच्या जागी अष्टकोनी बैठकीवर घुमट आहे, भिंतीस अर्धस्तंभ आहेत, खिडक्यांस गोल कमानी आहेत, कठड्यांस लहान खांबांच्या रांगा आहेत. पुढे अनेक मजल्यांची दीपमाळ आहे आणि तिची ठेवण इगर्जीच्या मनोऱ्यासारखी आहे. ज्यांच्या भयाने देव पळाले त्यांच्याच मंदिरांचा घाट देवांच्या नव्या घरास आला ! कोणी बळजबरी केली नव्हती. गवंडी तेच होते. पलीकडे इगर्जी बांधताना जे हात घुमट व कमान शिकले, तेच अलीकडे देवळास लागले. यजमानास भव्य काही हवे होते, आणि त्या काळात भव्यतेचे जे रूप लोकांच्या डोळ्यांत भरले होते ते हे. जुलूम करणाऱ्याचा द्वेष करावा, परंतु त्याच्या कमानीचा द्वेष करण्याचे गवंड्यास कारण नव्हते.

वाङ्मयाच्या बाबतीतही असेच घडले, आणि हा प्रसंग प्रत्येक मराठी मनुष्यास ठाऊक असावा. टॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. तो जेझुइट पंथाचा पाद्री होता. साष्टीत त्याने चाळीस वर्षांच्या आतबाहेर काळ काढला आणि 1619 मध्ये तो तेथेच वारला. त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचिले. पहिल्या पुराणात 36 व दुसऱ्यात 59 असे एकूण 95 अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि सुमारे अकरा हजार ओव्या. ओवी ही ज्ञानेश्वरांची आणि एकनाथांची. स्वर्गास वैकुंठ म्हणावयास त्यास संकोच वाटला नाही. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती तर पाठ्यपुस्तकांतून आपल्या घरोघरी पोचली आहे. हे पुराण 1616 साली राचोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. देशी अक्षरांत छापावे अशी त्याची इच्छा होती व 1608 च्या पत्रात त्याने ती वरिष्ठांस कळविलीही होती. परंतु जोडाक्षरांसकट शेकडो खिळे पाडावे लागणार, हे काम तडीस गेले नाही. गोव्यात मुद्रणयंत्र 1556 मध्येच येऊन पोचले होते. तरी देवनागरी पुराणाच्या नशिबी छापखाना आला नाही.

हे पुराण का रचावे लागले, याचे उत्तर त्या ग्रंथातच आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. संध्याकाळी एकत्र बसून काय वाचावे, काय ऐकावे, असा प्रश्न त्यांनी पाद्र्यापुढे टाकला. म्हणजे लोकांनी धर्म बदलला किंवा त्यांस तो बदलावा लागला, परंतु पुराण ऐकण्याची भूक गेली नाही. ती भूक स्टीफन्सने ओळखली. त्याच काळात जेझुइटांनी रामायण-महाभारताच्या देशी कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. त्यांतील हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. ज्या कथांवर येथे बंदी, त्यांचीच जपणूक तेथे झाली, हा काळाचा विनोद म्हणावयाचा.

1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा उचलावी असे फर्मान काढले. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची, म्हणजे 1616, 1649 आणि 1654 यांची, एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांनी. 1907 साली मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापविला आणि 1956 साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणिला. तीनशेचाळीस वर्षांनी का होईना, स्टीफन्सची इच्छा पुरी झाली.

स्टीफन्सच्याच पिढीतील दुसरा पाद्री रुडॉल्फ आक्वाविवा याची हकीकत ऐकली म्हणजे या काळाचे दोन्ही चेहरे एकाच मनुष्यात दिसतात. अकबर बादशहाच्या आमंत्रणावरून तो 1580 च्या आरंभी फतेपूर शिक्रीस पोचला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी बादशहास अँटवर्प शहरी छापलेले अनेक भाषांचे बायबल नजर केले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयाने निघालेला हा आठ खंडांचा ग्रंथ. अकबराने ते खंड मस्तकी लाविले, असे पाद्री लिहितात. पुढे बादशाही चित्रशाळेत त्यातील ताम्रपट-चित्रांचा अभ्यास सुरू झाला. केसूदास, बसावन, मनोहर या चिताऱ्यांनी युरोपीय चित्रांवरून आपली चित्रे काढिली. जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या 1511 च्या एका चित्रातील संत जॉनची आकृती अबुल हसन या मुलाने 1600 च्या सुमारास, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, अशी उतरविली की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. तोच पुढे जहांगिराचा नादिर-उझ्-झमान झाला. येथे बळजबरी नव्हती. येथे बादशहा मोठा होता आणि पाद्री आर्जवी होते. बादशहाने चित्रे घेतली, छायाप्रकाश व दूरचे लहान दिसण्याची रीत घेतली, आणि धर्म घेतला नाही.

आक्वाविवा 1583 मध्ये गोव्यास परतला व साष्टीत नेमला गेला. देवळे पाडल्याने साष्टीतील कुंकळ्ळी गाव खवळलेले होते. इगर्जीसाठी जागा पाहावयास गेलेल्या पाच जेझुइटांस जुलै महिन्यात गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत आक्वाविवा होता. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांस बोलणे करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले व त्यांचा वध केला. मारल्या गेलेल्या पाद्र्यांच्या देहांची व्यवस्था लावण्याचे काम टॉमस स्टीफन्सकडे आले. शिक्रीच्या चित्रशाळेत ज्याच्या हातून नवी कला उतरली, त्याचे प्रेत ज्याने उचलले तोच पुढे क्रिस्तपुराणाची ओवी लिहावयास बसला. कला आणि रक्त ही या इतिहासात अशी लागून आहेत. एकाचे वर्णन करून दुसरे झाकणारा इतिहासकार अर्धेच सांगतो.

आता क्षणभर जगाच्या नकाशावर दृष्टी टाकू. 1580 पासून 1640 पर्यंत स्पेन व पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. 1565 पासून 1815 पर्यंत फिलिपाइन्समधील मनिला व मेक्सिकोतील आकापुल्को यांच्यामध्ये स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. त्या गलबतांतून चिनी रेशीम व चिनी मातीची भांडी अमेरिकेस गेली, आणि मेक्सिकोतील प्वेब्ला शहराचे कुंभार निळ्यापांढऱ्या चिनी घाटाची नक्कल करू लागले. मनिलात चिनी कारागीर ख्रिस्ती मूर्ती हस्तिदंतात कोरीत. जपानी लोक खोलीत आडोशास घडीचा चित्रित पडदा ठेवीत व त्यास ‘ब्योबु’ म्हणत. तो पडदा मेक्सिकोत जाऊन ‘बिओंबो’ झाला, व हाच शब्द स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत आजही आहे. मेक्सिकोतील मूळ रहिवासी पाखरांच्या पिसांची चित्रे करण्यात निष्णात होते. त्यांच्या हातचे, ख्रिस्ती विषयावरचे, 1539 सालचे एक पीसचित्र आज फ्रान्समध्ये जपून ठेविलेले आहे. त्यांची नगरे मोडून जेमतेम अठरा वर्षे लोटली होती. मेक्सिकोचा पीसकाम करणारा आणि गोव्याचा दंतकाम करणारा हे एकाच संकटात सापडलेले दोन भाऊ होत. दोघांचेही देव हिरावले गेले, हातांतील कसब मात्र कोणास हिरावता आले नाही.

कोणी म्हणेल, समुद्रापासून इतक्या दूर, वैनगंगेच्या खोऱ्यातील आम्हांस या साऱ्याचे काय ? तर आपल्या घरातच पाहावे. दाराची बिजागरी, कुलुपाची चावी, गवंड्याचे घमेले, पाण्याचे पिंप, हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. मिस्त्री हा शब्दही तिकडचाच, आणि महिन्याच्या अखेरीस ज्याची वाट पाहतो तो पगारही तिकडचाच. हे शब्द कोणाचे आहेत पाहा. सुताराचे, लोहाराचे, गवंड्याचे, मजुराचे. विद्वानांच्या वादविवादांतून ते आले नाहीत. कामावर एकाने दुसऱ्याच्या हातात वस्तू दिली, आणि वस्तूबरोबर तिचे नाव दिले, असे ते आले आणि हातोहात शेकडो कोस चालत चांद्याच्या कोटाच्या आत व सिरोंच्याच्या पलीकडे पोचले. दसऱ्यास ज्याचे तोरण आपण दारास बांधितो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आपल्या रानातल्या गावांत अंगणोअंगणी वाळत पडलेली मिरची अमेरिकेची. झेंडूवाचून दसरा आज कोणास कल्पिता येत नाही.

चांद्याच्या जटपुरा दरवाज्यावर हत्तीस पायाखाली दाबणारा सिंह कोरलेला आहे. गोंड राजांचे ते राजचिन्ह आपण अभिमानाने दाखवितो, आणि ते योग्यच आहे. पण हत्तीवर मात करणारा सिंह दक्षिणेतील इतरही किल्ल्यांच्या दरवाज्यांवर आहे. म्हणून तो चांद्याचा नव्हे काय ? तो चांद्याचाच आहे, कारण चांद्याच्या पाथरवटाने तो येथल्या दगडात कोरला व येथल्या लोकांनी तो आपला म्हणून मानला. कलेतील मालकी अशीच ठरते. मूळ कोठले हा एक प्रश्न, आणि कोणी आपलेसे करून सांभाळले हा दुसरा. दोहोंची उत्तरे वेगळी असू शकतात, आणि पुष्कळदा असतात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. यास देवाणघेवाण म्हणावे काय ? आपण जी उदाहरणे पाहिली त्यांत वस्तू पाच वाटांनी आली आहे. नजराण्याने आली, तसे अकबराचे बायबल. मजुरीने आली, तशी हस्तिदंताची मूर्ती व रुप्याची पेटी. बंदीच्या पोटी आली, तसे क्रिस्तपुराण. आश्रयास गेलेल्यांबरोबर आली, तसा कवळ्याचा घुमट. आणि लुटीने आली, तशी वसईची घंटा. या पाचांतील पहिली तेवढी खऱ्या अर्थाने राजीखुशीची. दुसरीत पोट होते, तिसरीत व चौथीत जुलूम होता, पाचवीत तलवार होती. म्हणून राज्याराज्यांमध्ये देवाणघेवाण झाली असे म्हणणे मला बरोबर वाटत नाही. राज्यांनी बहुधा घेतलेच. देवाणघेवाण झाली ती कारागिराकारागिरांमध्ये, आणि ती राज्यकर्त्यांच्या हेतूमुळे नव्हे तर पुष्कळदा त्यांच्या हेतूस न जुमानता झाली. परिषदेने बंदी घातली तरी सोनार घडवीतच राहिला. हे श्रेय त्याचे आहे, ते साम्राज्यास देऊ नये. तसेच उलट बाजूने, जुलमाच्या काळात निर्माण झाले म्हणून ते काम हिणकस असेही ठरवू नये. त्या मेंढपाळाचे मिटलेले डोळे कोरणाऱ्याने कोणताही अपराध केलेला नव्हता.

आणि मराठ्यांनी आणलेल्या घंटांविषयी ? ती लूट होती, हे आपण आपल्याकडचे म्हणून लपवू नये. ज्या गावाने वर्गणी करून ती घंटा ओतविली असेल त्या गावाची सकाळ तिच्यावाचून मुकी झाली असेल. परंतु ज्यांनी ती आणली त्यांनी तिच्यावरील आई आणि मूल पुसले नाही, हेही तितकेच खरे, आणि ज्या शतकात परक्याची मूर्ती फोडणे हे पुण्य समजले जाई, त्या शतकात ही गोष्ट लहान नव्हे. विजयाच्या अभिमानाबरोबर त्यांच्या मनात देवाच्या वस्तूविषयी आदर होता, असे मी समजतो.

एक विनंती करून हे भाषण संपवितो. जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारात हल्ली सढळ हाताने रंग वापरतात. भिंतीस लावलेला रंग उद्या खरवडता येतो. पण घंटेवर चढविलेल्या रंगाच्या थरांखाली अक्षरे बुजतात, आणि चकाकी आणण्यासाठी घासघासून ती झिजतात. आपल्या गावच्या किंवा यात्रेच्या ठिकाणच्या देवळात मोठी घंटा असेल तर पंचांस सांगून तिला रंग देऊ देऊ नका. उन्हे तिरपी असताना तिच्या काठाजवळ नीट पाहा. आकडा असेल तर टिपून घ्या, अक्षरे असतील तर कागदावर उतरवून घ्या, आणि जाणत्यास दाखवा. ओतणाऱ्याने मेणात कोरलेली ती अक्षरे समुद्र ओलांडून, लढाई पाहून, घाट चढून आपल्यापर्यंत आली आहेत. ती वाचण्याइतकी सवड आपण काढली पाहिजे.